तारेवर तार

फेजकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं. कुठल्याही घरात शिरले की समोरच्याने बसा म्हणायच्या आत खिशातला टेस्टर काढायचे आणि विचारायचे, "फेज कुठून येते?" त्यावरून जे नाव पडलं ते पडलंच. बायकोसुद्धा रागावली की त्यांना फेजकाका म्हणायची, आणि ती दिवसातून दोनदा तरी रागवायचीच.

तर अशा माणसाची हत्यारांची पिशवी माळ्यावर जायची वेळ आली होती, आणि ती आणली होती शेजारच्या एका बेलने.

शेजारच्या दारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. त्यांच्या दाराची बेल बिघडली. काकांनी मोठ्या हौसेने ती दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवसापासून बेलचं बटण दाबलं की बाईंच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकायचा पंखा फिरायला लागला. बेल मात्र गप्प. आता माणूस म्हटलं की चूक होणारच. चाळीस वर्षांत एक बेल चुकली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण काका कबूल करतील तर शपथ. "माझं काम चोख आहे. त्या घराचं वायरिंगच मुळात उलटंपालटं," हे त्यांचं पालुपद. बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी वाद घातला नाही. वळणदार अक्षरात एक कागद लिहिला आणि बेलखाली डकवला. 'बेल दाबू नये. दार वाजवावे.' तीन महिने झाले तरी कागद तिथेच होता, आणि काका येता-जाता मान दुसरीकडे वळवून जिना उतरायचे.

"नाचता येईना अंगण वाकडं," काकू म्हणाल्या.

मुलगी तळमजल्यावर राहायची. ती एक दिवस वर आली आणि तिने सरळ विषयाला हात घातला. "बाबा, चूक कोणाचीही होते. तुमची कधी होतच नाही, याची मला भीती वाटते. आज पंखा फिरला, उद्या कोणाला शॉक बसेल आणि तुम्ही म्हणाल घरच वाकडं आहे. पिशवी माळ्यावर ठेवा."

काका दोन दिवस जेवले नाहीत धड. पिशवी म्हणजे नुसती पक्कड आणि पाने नव्हते हो, त्या पिशवीने ही मुलगी वाढवली होती, शिकवली होती, तिचं लग्न लावून दिलं होतं. शेवटी काका खाली गेले आणि म्हणाले, "एक शेवटचं काम माझ्या हातून होऊ दे. ते चुकलं तर शिडी मी स्वतः लावतो."

ते काम निघालं मुलीच्याच गाडीचं.

मुलगी व्यायामशिक्षिका. दर रविवारी सकाळी सात वाजता वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत ती साठीच्या पुढच्या लोकांचा वर्ग घ्यायची. गाण्यावर नाचत नाचत व्यायाम. पंधरा जणांवर सुरू झालेला वर्ग चाळिसावर गेला आणि तिचा छोटा स्पीकर पुरेनासा झाला. उघड्यावर आवाज वाऱ्यावर जायचा. वय झालं की गाण्यातले बारीक सूर कानातून निसटतात, पण ठोका पायातून वर चढतो. इथे ठोकाच पोचत नव्हता, त्यामुळे निम्मा वर्ग डावीकडे जायचा आणि निम्मा उजवीकडे. गेल्या रविवारी एक आजोबा आणि एक आजी एकमेकांवर आपटले आणि दोघांनीही "तुमचाच ठोका चुकला" म्हणून एकमेकांना सुनावलं. तेव्हा मुलीने ठरवलं की गाडीच्या डिकीत चांगले वूफर, म्हणजे ठोका घुमवणारे मोठे स्पीकर, बसवायचे, डिकी मैदानाकडे तोंड करून उघडायची आणि ठोका थेट लोकांच्या तळव्यांत पोचवायचा.

शनिवारी सकाळी तिघं गाडीच्या स्पीकरच्या दुकानात गेले. मुलगी, काका आणि जावई. जावयाचं काम दातांच्या कवळ्या बनवायचं. एका लहानशा खोलीत दिवसभर भिंग लावून तो दुसऱ्यांचे दात घासत, तासत, बसवत असायचा, त्यामुळे कागदावर छापलेल्या मापावर त्याचा भारी विश्वास. कुठलीही वस्तू घरात आली की आधी तिचं माहितीपुस्तक वाचणार, मग वस्तूला हात लावणार. काकांना हे पटत नसे. त्यांच्या मते वाचून वायरिंग करणारा म्हणजे उंटावरचा शहाणा.

दुकानाची मालकीण चाळिशीतली, केसांत पेन्सिल खोवलेली. भिंतीभर वूफर टांगलेले होते. जावई सगळ्यांत मोठ्या, पंधरा इंची वूफरपुढे उभा राहिला आणि तिथून हलेना.

"हा घेतला तर माझ्या चटया कुठे ठेवायच्या? तुमच्या डोक्यावर?" मुलगी म्हणाली.

मालकिणीने विचारलं, "गाणी कशी लावता?" मुलीने सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मग तुम्हाला खिडक्या हलवणारा आवाज नको. ठोका स्वच्छ पडला पाहिजे, एक संपल्याशिवाय दुसरा सुरू व्हायला नको. दहा इंचाचे दोन घ्या, एकाच बंद खोक्यात शेजारी शेजारी. बंद खोक्यातला बेस, तो खालचा घुमारा, आटोपशीर असतो. आणि चटया वर मावतील."

वूफर ठरले. आता ते वाजवायला अ‍ॅम्प्लिफायर हवा. जावयाने फळीवरून एक चकचकीत डबा उचलला. निळे दिवे, चांदीची पट्टी, आणि वर ठळक अक्षरात दोन हजार वॅट. "हाच. आकडा बघा बाबा."

काकांनी आकडा बघितला नाही. चष्मा कपाळावर चढवला, डबा उलटा केला आणि मागच्या बाजूला नाक लावून पाहिलं. "फ्यूज किती आहे? तीस अँपिअर. आणि गाडीची बॅटरी किती व्होल्टची? बारा. करा गुणाकार, जावईबापू."

"तीनशे साठ," जावई म्हणाला.

"मग जो तीनशे साठ खातो तो दोन हजार ओकेल कुठून?"

मालकीण खुदकन हसली. "काका, रोज गिऱ्हाइकं येतात, कोणी फ्यूज बघत नाही. तो डबा मी फक्त हट्टी लोकांसाठी ठेवलाय." मग तिने खालच्या कप्प्यातून एक साधा, काळा, बिनदिव्यांचा अ‍ॅम्प काढला. त्याला तीसचे दोन फ्यूज होते. "हा पाचशे वॅट सांगतो आणि पाचशे देतो. दमल्याशिवाय, तासन् तास. तुमचे दोन वूफर अडीचशे-अडीचशेचे. जोडी जमली."

काकांची छाती फुगली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हुशार मानलं होतं, तेही परक्या माणसाने आणि मुलीच्या देखत. मुलगीही कौतुकाने बघत होती. दुकानातला बसवणारा माणूस बुधवारपर्यंत मोकळा नव्हता, म्हणून मालकिणीने विचारलं, "बसवणार कोण?"

"मी," काका म्हणाले.

"मग काळजी नाही. फक्त वूफरच्या तारा प्लस-मायनस बघून लावा."

"अहो, तुम्ही जन्मायच्या आधीपासून तारा लावतोय मी," काका म्हणाले आणि पिशव्या उचलून चालायला लागले.

दुपारी इमारतीखाली गाडी उभी करून काम सुरू झालं. बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड तार काकांनी अशी ओढली की बघत राहावं. गालिच्याखालून, दर वीतभर अंतरावर पट्टी, कुठे फुगवटा नाही, कुठे ताण नाही. काकांचा उभ्या आयुष्यात एकच नियम होता. तार तारेवरून जाता कामा नये. दोन तारा शेजारी शेजारी जातील, वळतील, थांबतील, पण एकमेकींवर चढणार नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी या नियमापायी किती बोलणी खाल्ली असतील त्याला गणती नाही.

भांडण झालं ते शेवटी, वूफर जोडताना. खोक्यावर अ‍ॅम्प बसवला होता. त्याच्या दोन बाजूंनी दोन वूफरकडे दोन-दोन तारा जायच्या होत्या, एक लाल खुणेवर, एक काळ्या. डावीकडे खुणा समोरासमोर होत्या. उजवीकडे मात्र उलट्या. लाल ते लाल जोडायचं तर दोन तारांची फुली होणार.

"होऊ दे की फुली," जावई म्हणाला. त्याच्या हातात माहितीपुस्तक होतं. "इथे स्पष्ट लिहिलंय, लाल ते लाल."

"पुस्तक लिहिणाऱ्याला काय जातंय? वूफरमध्ये जाते ती उलटसुलट धावणारी वीज, घरातल्या दिव्यासारखी. दिव्याच्या दोन तारा अदलाबदल केल्या तर दिवा उलटा लागतो का?"

"बाबा, वरची कवळी खाली बसवली तर माणसाला जेवता येत नाही."

"ते दात आहेत. ही वीज आहे. तुम्ही तुमचा डावा लावा, मी माझा उजवा लावतो."

झालं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. जावयाने डावा वूफर पुस्तकात बघून लावला. काकांनी उजवा आपल्या नियमाने लावला, तारा सरळ, देखण्या, फुलीबिली काही नाही. चार वाजता मुलगी बाहेर आली, गाणं लावलं, आवाज वाढवला.

गाणं सुरू झालं. गाडीच्या आधीच्या लहान स्पीकरांतून गाणारी स्वच्छ ऐकू आली, झांज ऐकू आली. ठोका मात्र नाही. दोन दहा इंची वूफर आणि खरे पाचशे वॅट, पण बेस म्हणाल तर जुन्या रेडिओइतकाही नाही.

"आवाज वाढव," काका म्हणाले. वाढवला. गाणारी आणखी ओरडायला लागली, एवढंच.

"तुमचा चालत नसणार," काका जावयाला म्हणाले. जावयाने काकांच्या उजव्या वूफरच्या तारा सोडवल्या आणि फक्त स्वतःचा डावा चालू ठेवला. धम्म करून ठोका आला, डिकीचं झाकण थरथरलं. काकांचं तोंड उतरलं. मग त्यांनी डाव्याच्या तारा काढल्या आणि आपला उजवा जोडला. तोही तसाच धम्म. दोन्ही जोडले की पहिले पाढे पंचावन्न.

"म्हणजे माझा चालतो, ह्यांचाही चालतो, आणि दोघं मिळून चालत नाहीत," जावई म्हणाला.

"घरात तरी वेगळं काय आहे," मुलगी म्हणाली, पण हसली नाही. उद्या सकाळी सातला चाळीस माणसं येणार होती. तिने घड्याळ बघितलं. "सहाला दुकान बंद होतं. मालकिणीला फोन करू का? बसवणाऱ्याला दुकान बंद झाल्यावर तरी पाठवेल."

दुकानातून माणूस येणार, म्हणजे काम फसलं. मग माळा. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण काकांना ते ऐकू आलं. "अर्धा तास दे," ते म्हणाले. ती बरं म्हणाली आणि घरात गेली. काका डिकीच्या कडेवर बसले आणि आपल्या सरळ तारांकडे बघत राहिले. कुठे सैल नाही, कुठे तुटलेलं नाही. मग नडतंय कुठे?

एवढ्यात वरून काकू आल्या. हातात विजेरी. "अहो, ही बघा जरा. मी आत्ता दोन नवे सेल घातले तरी लागत नाही. दोन्ही कोरे करकरीत आहेत."

"आता ह्याच्यात तुझी विजेरी," काका कुरकुरले, पण हात आपोआप झाकण फिरवायला लागले. सेल बाहेर काढले. एक सरळ होता, दुसरा उलटा. दोघांची डोकी एकमेकांना भिडलेली. दोन्ही सेल चांगले, दोन्ही जोर लावतायत, पण एकमेकांच्या विरुद्ध. काकांनी उलटा सेल सरळ केला. विजेरी लखकन लागली.

काका त्या उजेडाकडे बघतच राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. ही घे. नको, एक सेल राहू दे माझ्याकडे."

त्यांनी अ‍ॅम्प बंद केला आणि त्याच्याकडून वूफरकडे जाणाऱ्या तारा सोडवल्या. डावीकडच्या दोन तारांची टोकं सेलला लावली, प्लसची प्लसला. डाव्या वूफरचा काळा पडदा टुक करून बाहेर आला. मग उजवीकडच्या तारा, तशाच. पडदा टुक करून आत गेला. पुन्हा लावून बघितलं. पुन्हा आत.

एक बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय. एकट्या दिव्याला दिशा नसते, हे काकांचं खरंच होतं. पण इथे दिवा एकटा नव्हता. हवा एकच आणि ढकलणारे दोन, तर दोघांनी एका वेळी एकाच बाजूला ढकलायला हवं. चाळीस वर्षांत असं काम हाताखाली आलंच नव्हतं, आणि ज्या मालकिणीने सांगितलं होतं तिला ते दुकानात झटकून आले होते.

जावई गाडीच्या पुढच्या सीटवर बसून माहितीपुस्तक तिसऱ्यांदा वाचत होता. तो उठून मागे आला. चेहरा पडलेला. "बाबा, मी विचार करतोय, माझीच उलटी लागली असेल. इथलं चित्र जरा बारीक आहे. मी माझ्या तारा फिरवून बघतो." आणि त्याने पाना उचलला सुद्धा.

काकांनी सेल मुठीत दडवला. कारण जावयाने आपल्या तारा फिरवल्या असत्या तरी बेस आलाच असता. दोघांपैकी कोणीही एकाने पलटी खाल्ली की काम फत्ते. जावई म्हणणार, माझी चूक होती. मुलगी म्हणणार, बाबांचं बरोबर होतं. पिशवी खाली राहणार, काकांच्या तारांना फुली पडणार नाही, आणि सेलचं गुपित काकांच्या खिशात. नुसतं गप्प बसायचं होतं. काकांना गप्प बसायची सवय नव्हती, पण आज जमलं असतं.

त्यांनी वर बघितलं. जिन्याच्या खिडकीतून बाईंच्या दारावरचा कागद दिसत होता.

"थांबा," काका म्हणाले. "हात लावू नका. तुमची बरोबर आहे. माझी उलटी आहे."

जावयाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण मी फिरवली तरी चालेल ना?"

"चालेल. पण मग तुमचीही चुकीची होईल, आणि दोन चुका मिळून बरोबर वाजतील. तसं नको. ती दुकानवाली सांगत होती, तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही. चुकलं माझं."

बोलून झालं आणि काकांच्या लक्षात आलं की मुलगी दारात उभी आहे. कानाला फोन लावायला निघालेली, तशीच थांबलेली. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

काकांनी पाना घेतला. उजवीकडची एक तार उचलली, दुसरीवरून पलीकडे नेली आणि लाल खुणेवर कसली. फुली पडली. बघायला कसंसंच वाटत होतं. त्यांनी त्या फुलीवर एक पट्टी मारली, तिचं टोक नीट कापलं आणि म्हणाले, "लाव गं गाणं."

ठोका आला. नुसता आला नाही, जमिनीतून चढला. गाडीची नंबरपाटी खडखडली, वर काकूंच्या फडताळात झाकणं वाजायला लागली, आणि जावयाने नकळत एक पाय आपटला. मग काकांनी आपटला. दोघांचे पाय एकदमच पडले.

गाणं संपल्यावर काकांनी एकेक हत्यार पुसून पिशवीत भरलं आणि पिशवी मुलीपुढे धरली. "काम चुकलं होतं. कबूल केलं तसं. शिडी कुठेय?"

मुलीने पिशवी घेतली नाही. तिचे डोळे भरले होते. "आता कशाला माळ्यावर? मला भीती वाटायची ती गोष्टच राहिली नाही," ती म्हणाली. "आता खालीच असू दे."

काकांनी पिशवीचा पट्टा चाचपला. मग ती खांद्याला अडकवली आणि जिना चढायला लागले. जावई सेल परत घातलेली विजेरी घेऊन मागोमाग निघाला, कारण मेन स्विच बंद केल्यावर उजेड लागणार हे त्याने कुठल्या तरी पुस्तकात वाचलेलं होतं. बाईंच्या दाराशी काका थांबले. यावेळी मान वळवली नाही. कागद वाचला आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे दार वाजवलं.

"बाई, तुमची बेल माझ्याच हातून चुकली होती," दार उघडल्यावर ते म्हणाले. "तुमच्या घराचं वायरिंग सरळ आहे. दुरुस्त करून देऊ का?"

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यातून पाहिलं, शाळेतल्या मुलाकडे बघतात तसं. "या," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते. दुसऱ्या वायरमनला बोलावलं नाही मी मुद्दाम."

रविवारी सकाळी साडेसहाला मुलगी बाईंना वर्गाला न्यायला वर गेली. दारावरचा कागद निघाला होता, डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. तिने बटण दाबलं, आणि बेल वाजली.